डावा पाय

टोलेडोत नोव्हेंबर. नदीवरचं वारं
शटरच्या फटीतून आत सरपटतं, थेट कानात.
मी पुठ्ठ्यावर उताणी. माझ्यावर
बापाची अडुसष्टची चेवेल, चार लोखंडी घोड्यांवर,
आणि वरून थर्मनचा आवाज :
तो नव्हे, लांब दांड्याचा पाना दे.

आज तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उतरवायचा.
दोनच गिअर त्याला. एक निघायला, एक पोचायला.
मधलं काही नाही.
लाल तेल बादलीत गेलं, थोडं माझ्या बाहीत.

बापाने एकतीस वर्षं कारखान्यात गिअरचे दाते कापले
आणि स्वतः चालवली ही आपोआप बदलणारी गाडी.
शेजारी हसायचे : डेझो, तुझ्याच गाडीचे दात पडले का रे?
तोही हसायचा. तोंड मिटून.
मला वाटायचं, आळस.
मला वाटायचं, म्हातारपण लवकर येतं काहींना.

गाडी माझ्याकडे आली तेव्हा एकच गोष्ट खटकली होती :
पायाखालचं कार्पेट डावीकडे विरलेलं,
रुपयाएवढं नाही, चांगलं तळव्याएवढं टक्कल.
ऑटोमॅटिकमध्ये डाव्या पायाला काय काम?
तो नुसता बसून असतो, लग्नातल्या दूरच्या मामासारखा.

गिअरबॉक्स खाली आला. मागची चकती निघाली.
थर्मनने क्रँकच्या टोकावर बॅटरी धरली
आणि धरूनच राहिला.
"इथे बुश आहे," म्हणाला.
पितळी, करंगळीच्या पेराएवढं, आत घट्ट बसलेलं.
"ऑटोमॅटिकला हे लागत नाही.
ही गाडी मुळात हाताने गिअर टाकायची होती."

मग कार्पेट उचकटलं.
मधल्या उंचवट्यावर पत्र्याचं ठिगळ,
वेल्डिंग असं, की रात्री घाईत कुणी जखम शिवावी.
ठिगळाखाली
गिअरच्या दांड्याचं भोक.

आई दारात थर्मास घेऊन उभी. वय एक्क्याऐंशी,
गुडघे नाहीत म्हणते, पण जिथे नको तिथे पोचते.
ठिगळाकडे पाहिलं, मग थर्मासचं झाकण उघडत म्हणाली,
"विकला तो. चौऱ्याहत्तरचा मार्च.
तू सातव्या महिन्यातच बाहेर आलीस. काचेच्या पेटीत अठरा दिवस.
त्याला तेव्हा कामावरून कमी केलेलं.
शर्यती लावणारा एक पोरगा आला, रोख दिले.
भंगारवाल्याने हा दुसरा फुकट दिला."
कॉफी ओतली. थर्मनला आधी.
"चार गिअरला पडलीस तू आम्हाला."

थर्मन एक पाना पुसत राहिला, तो स्वच्छच होता.
मी काहीतरी बोलले असावं. आठवत नाही.
ग्राइंडर लावला तेवढं आठवतं,
ठिगळ कापताना उडालेल्या ठिणग्या, आणि आईचं "थांब".
कापलेला पत्रा तिने घरी नेला.
त्यावर आता सूपचं भांडं ठेवते.

तिसरं पेडल बसवायला दोन रविवार गेले,
क्लचचा रॉड आखूड निघाला, त्यात एक.
नवं कार्पेट आणून ठेवलं होतं, अजून गुंडाळलेलंच आहे.
कारण पेडल लटकतं ते बरोब्बर
त्या टकलाच्या वर.
तळव्याएवढ्या.
इतकी वर्षं तो सिग्नलला काय दाबत होता,
मी मागच्या सीटवर केळं खात असताना?

जानेवारीत पहिल्यांदा बाहेर काढली.
फ्रंट स्ट्रीटच्या सिग्नलला बंद पडली.
मग पुन्हा. मागचा ट्रक भोंगा मारतोय,
माझा डावा पाय थरथरतोय, पन्नाशीची मी
पहिल्याचा तिसरा करून बसलेय,
आणि गाडी कण्हून परत गप्प.

शेजारच्या सीटवर आई, पर्स मांडीत,
पट्टा दोनदा तपासलेला.
"तो," ती समोर बघत म्हणाली,
"एवढी बंद पाडत नव्हता."